पाय रात्रभर झोपू देत नाहीत : डायलिसिसचे रुग्ण, तेलाचे मालिश आणि आपली गिलानसेवा

रहिमतपूर परिसरातून डायलिसिससाठी साताऱ्याला किंवा कराडला जाणारा रुग्ण पहाटेच घर सोडतो. एसटीचा प्रवास, केंद्रात नंबर लागेपर्यंत थांबणे, मग साधारण चार तास मशीनवर आणि पुन्हा तोच प्रवास. आठवड्यातून दोनदा, बहुतेकांना तीनदा. आम्ही काही कार्यकर्ते अशा रुग्णांसोबत आळीपाळीने जातो. कुणाचे रेशनकार्ड, कुणाचा योजनेचा अर्ज, कुणाला नुसती सोबत. या फेऱ्यांमध्ये एक तक्रार आमच्या कानावर वारंवार यायची आणि खरे सांगायचे तर सुरुवातीला आम्ही ती मनावर घेतली नाही.

जवळच्या एका वाडीतील आजी सांगायच्या, "पोटऱ्यांत किडं फिरल्यागत व्हतंय बघ बाळा. पाय हलवलं की बरं वाटतं, ठेवलं की परत सुरू." रात्री त्या अंगणात येरझाऱ्या घालायच्या. मशीनवर तिसरा तास सुरू झाला की पाय झाडायला लागायच्या आणि "बंद करा, मला उठवा" म्हणायच्या. अनेकदा त्यांनी तासभर आधीच डायलिसिस थांबवायला लावले. आम्ही त्यांना समजावत होतो, "आजी, थोडं सहन करा." शेजारच्या कुणी सांगितले की हे बाहेरचे आहे, म्हणून घरच्यांनी देवऋष्याकडे जाऊन पैसेही घालवले. एके दिवशी आजींना धाप लागली. शरीरातले पाणी पुरेसे निघत नव्हते, ते फुफ्फुसात साचले होते.

त्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांनी पायांविषयी चार प्रश्न विचारले आणि या त्रासाला नाव दिले : रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, म्हणजे अस्वस्थ पायांचा विकार. सहनशक्तीशी त्याचा काही संबंध नव्हता. जे आम्ही आजींचा हट्ट समजत होतो, तो एक आजार होता. आपल्या वस्तीत, नात्यात, विहारात येणाऱ्या उपासक-उपासिकांमध्ये असा रुग्ण असेल तर त्याच्या वाट्याला आमच्यासारखे अज्ञान येऊ नये, म्हणून हा लेख.

हा आजार नवा नाही

इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन करून ठेवले आहे. स्वीडनचे मेंदूविकारतज्ज्ञ कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास करून त्याला आजचे नाव दिले. म्हणून काही डॉक्टर याला विलिस-एकबोम आजार असेही म्हणतात.

या आजाराचे मूळ पायात कमी आणि मेंदूत जास्त असते. हालचालींवर नियंत्रण ठेवण्यासाठी मेंदूला डोपामिन नावाचे रसायन लागते. डोपामिनचे काम नीट चालायला लोह लागते. मेंदूत लोह कमी पडले की ही यंत्रणा बिघडते, आणि दिवसाच्या मानाने संध्याकाळी व रात्री हा बिघाड जास्त जाणवतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णात रक्त कमी असते, लोहाचा साठा अनेकदा अपुरा असतो, रक्तात टाकाऊ द्रव्ये साचलेली असतात. त्यामुळे सर्वसाधारण लोकांपेक्षा डायलिसिसच्या रुग्णांत हा त्रास कितीतरी अधिक आढळतो. वेगवेगळ्या देशांतील आकडे वेगवेगळे आहेत, पण साधारण चारपैकी एका रुग्णाला तो असतो असे मानायला हरकत नाही. म्हणजे आठ खाटांच्या डायलिसिस कक्षात एका वेळी दोन जण तरी मुकाट्याने हा त्रास काढत असण्याची शक्यता आहे.

त्याचे परिणाम पायापुरते राहत नाहीत. झोप मोडते, दिवसा गुंगी येते, चिडचिड वाढते, मन खचते. रुग्ण रात्रभर जागा असला की सोबतचे माणूसही जागे राहते आणि सकाळी त्यालाच मजुरीवर जायचे असते. सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे आजींसारखे रुग्ण मशीनवरून लवकर उठतात किंवा फेरीच चुकवतात. त्याची किंमत जिवाने मोजावी लागते.

ओळखायचा कसा?

निदान डॉक्टरच करतील. पण रुग्णाशी बोलताना कार्यकर्त्याने चार प्रश्न विचारावेत.

१. पाय हलवण्याची अनावर इच्छा होते का? पायात शिवशिवणे, वळवळणे, ओढ लागल्यासारखे वाटते का?
२. बसल्यावर किंवा आडवे झाल्यावर हे सुरू होते किंवा वाढते का?
३. उठून चालल्यावर, पाय ताणल्यावर तेवढ्यापुरते बरे वाटते का?
४. संध्याकाळी आणि रात्री त्रास जास्त असतो का?

चारही उत्तरे 'हो' असतील तर डॉक्टरांना हे शब्दशः सांगावे. "पाय दुखतात" एवढेच सांगितले तर वेदनाशामक गोळी हातात पडण्याची शक्यता जास्त.

पायाचे इतर त्रास वेगळे ओळखता यायला हवेत. पोटरीत अचानक गोळा येऊन स्नायू दगडासारखा घट्ट होतो तो पेटका. डायलिसिसच्या शेवटी शरीरातून पाणी भराभर काढले गेले की तो येतो. तळव्यांची आग होते, बधिरपणा असतो आणि चालूनही फरक पडत नाही, तर मधुमेहाने नसांवर झालेला परिणाम असू शकतो. चालल्यावर पोटरी दुखते आणि थांबल्यावर थांबते, तर रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी. एकाच रुग्णाला यातले दोन-तीन त्रास एकत्रही असतात. त्रास किती आहे हे मोजण्यासाठी दहा प्रश्नांची एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात शून्य ते चाळीस गुण असतात आणि वीसच्या वर गुण गेले की त्रास तीव्र समजतात.

तेलाआधी तपासणी

मालिशकडे वळण्यापूर्वी डॉक्टरांना काही गोष्टी विचारल्याच पाहिजेत. हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, शेवटचा केव्हा तपासला? लोहाचे इंजेक्शन लागेल का? डायलिसिस पुरेसे होते आहे का? रुग्ण ठरलेला पूर्ण वेळ मशीनवर राहतो का?

चालू असलेल्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्यावी. मळमळीवर दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड, खाज-सर्दीवरची गुंगी आणणारी काही औषधे आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या हा त्रास वाढवू शकतात. अशी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना दाखवून बदलून घ्यावी. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, तंबाखू, मिसरी आणि दारू यांनीही पाय जास्त अस्वस्थ होतात.

या आजारावर औषधे आहेत. त्यातले गॅबापेन्टिन हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. ज्याचे मूत्रपिंड काम करत नाही, त्याला ते फार कमी मात्रेत द्यावे लागते. शेजाऱ्याची गोळी घेतली तर रुग्ण गुंगीत पडून हाड मोडून घेऊ शकतो. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही टाळाव्यात. त्यांनी हा त्रास थांबत नाही. उरलेसुरले मूत्रपिंड बिघडते आणि पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले तर अनेकांचे पाय शांत होतात. पण ते प्रत्येकाच्या नशिबी नसते आणि तोवरच्या रात्री काढायच्या असतात. त्या रात्रींसाठी मालिशचा उपयोग आहे.

तेलमालिशचा पुरावा किती?

आपण कालामांना दिलेला तथागतांचा उपदेश मानणारे लोक आहोत. परंपरेने चालत आले म्हणून, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून एखादी गोष्ट स्वीकारायची नाही, तपासून घ्यायची. तेलालाही तोच नियम लावू.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या विषयावर बरेच प्रयोग इराणमध्ये झाले. तेथील परिचर्या महाविद्यालयांतील संशोधकांनी डायलिसिसच्या रुग्णांचे गट केले. एका गटाच्या पायांना लव्हेंडर किंवा ऑलिव्ह तेलाने मालिश केले, दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार किंवा साधे तेल दिले. काही आठवड्यांनी दोन्ही गटांचे गुण मोजले. मालिश झालेल्या रुग्णांचा त्रास कमी झालेला दिसला.

या अभ्यासांच्या मर्यादाही समजून घ्याव्या लागतील. रुग्ण थोडे होते आणि प्रयोग काही आठवड्यांचेच होते. ज्याला मालिश होते त्याला ते होत असल्याचे कळतेच, त्यामुळे तेलाचा गुण किती, हाताचा किती आणि कुणीतरी काळजी घेतल्याचा किती, हे वेगळे काढणे अवघड असते. मालिशने मेंदूतले लोह वाढत नाही, मूत्रपिंड सुधारत नाही. थांबवले की काही दिवसांत त्रास परत येऊ शकतो.

मग करावे का? आमचे मत आहे, करावे. खर्च जवळजवळ नाही, योग्य काळजी घेतली तर धोका फार कमी, आणि मिळणारा आराम त्याच रात्री कामाला येतो. पायावरून फिरणाऱ्या हाताची जाणीव त्या वळवळीला मागे सारते, स्नायू सैल पडतात, मन शांत होते. कोरड्या पडलेल्या, खाजणाऱ्या त्वचेलाही तेलाचा उपयोग होतो. डायलिसिसच्या रुग्णांत खाजेची तक्रारही नेहमीचीच असते.

महागडे तेल आणायची गरज नाही. आपल्या घरात खोबरेल असते. घाण्यावरचे तिळाचे किंवा करडईचे तेल मिळते. त्वचेला सोसेल असे, बिनवासाचे कोणतेही शुद्ध तेल चालेल. लव्हेंडरच्या नावाने बाजारात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत नुसता कृत्रिम वास असतो. खरे सुगंधी तेल आणलेच तर ते थेट त्वचेवर लावू नये, दोन चमचे साध्या तेलात दोन-तीन थेंब एवढेच. मोहरीचे तेल काहींच्या त्वचेला झोंबते. झोंबणारे बाम आणि वेदनाशामक मलम पायभर चोळू नयेत, कारण त्यातले औषध त्वचेतून रक्तात उतरते.

मालिश कसे करावे?

पहिल्यांदा डायलिसिस केंद्रातील डॉक्टर किंवा परिचारिकेला विचारून परवानगी घ्यावी. मग रुग्णालाही विचारावे. ज्याला नको असेल त्याच्यावर सेवा लादू नये.

आदल्या दिवशी तेलाचा थेंब पोटरीवर लावून पाहावा. लाली, पुरळ आले तर ते तेल वापरू नये. वेळ झोपण्यापूर्वीची ठेवावी. मालिश करणाऱ्याने हात धुवावेत, नखे कापलेली असावीत, अंगठी-कडे काढून ठेवावे. दोन्ही पाय उघडे करून नीट पाहावेत. जखम, भेग, सूज, रंग बदललेली जागा आहे का? ही दोन मिनिटांची पाहणी फार मोलाची आहे. मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम त्याला स्वतःला अनेकदा कळत नाही, ती आपल्या डोळ्याला दिसते.

तेल गरम करू नये. थंडीच्या दिवसांत वाटी कोमट पाण्यात ठेवली तरी पुरे. ज्याच्या पायाला संवेदना नाही त्याला चटका कळत नाही. एका पायाला एक-दोन चमचे तेल घ्यावे. तळव्यापासून सुरुवात करावी, अंगठ्याने तळव्यावर हलके गोल फिरवावे, मग घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तळहाताने खालून वर सावकाश न्यावे. पोटरी दोन्ही हातांत धरून अलगद दाबावी आणि सोडावी. प्रत्येक पायाला दहा मिनिटे पुरतात. पहिलवानी मालिश इथे चालत नाही. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेले असते, त्यामुळे जोर केला तर लगेच काळेनिळे वळ उठतात. "जोर जास्त होतोय का?" असे मधूनमधून विचारत राहावे.

शेवटी तळवे आणि बोटांच्या बेचक्या कापडाने पुसून कोरड्या कराव्यात. हे विसरू नये. रुग्ण रात्री लघवीला किंवा येरझाऱ्या घालायला उठतो आणि तेलकट तळव्याने शहाबादी फरशीवरून घसरतो. अशा रुग्णाची हाडेही ठिसूळ झालेली असतात.

मालिशसोबत पोटऱ्या ताणण्याचे साधे व्यायाम आणि संध्याकाळी झेपेल तेवढे चालणे ठेवावे. डायलिसिस चालू असतानाच पाय हलवण्याचे, पायडल मारण्याचे व्यायाम केल्याने हा त्रास कमी होतो, असेही प्रयोगांत दिसले आहे. केंद्रात कर्मचाऱ्यांना विचारूनच ते करावे. नळ्या आणि सुया लागलेल्या असताना परस्पर काही करू नये.

कधी करू नये?

ज्या हातावर फिस्टुला आहे त्या हाताला कधीही मालिश करू नये. तो हात रुग्णाची जीवनवाहिनी आहे. जांघेत कॅथेटर बसवलेला असेल तर त्या बाजूच्या मांडीला, जांघेला हात लावू नये आणि पायासाठीही डॉक्टरांना विचारावे.

एकच पाय अचानक सुजला, तापला, लाल झाला, दुखू लागला तर आत रक्ताची गुठळी असू शकते. मालिशने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. अशा वेळी तेलाची बाटली बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा. उघडी जखम, पू, काळे पडलेले बोट, त्वचेवर काळपट आणि अतिशय दुखरे चट्टे, नुकतेच मोडलेले हाड, ताप या सर्व बाबतीत मालिश नको.

आणखी एक लक्षात ठेवावे. डायलिसिसची फेरी चुकलेल्या रुग्णाचे पाय अचानक लुळे पडल्यासारखे झाले, छातीत धडधडू लागले, धाप लागली, तर रक्तातले पोटॅशियम वाढलेले असू शकते. तो जीवघेणा प्रसंग असतो. पाय चोळत बसण्यात एक मिनिटही घालवू नये, १०८ला फोन करावा.

'किडनी बरी करणारे' तेल

हे लिहायचे आणखी एक कारण आहे. रुग्णाचे पाय तेलाने शांत होतात हे कळले की पाठोपाठ विकणारे येतात. कुणी मूत्रपिंडाच्या जागी चोळायचे तेल देतो, कुणी काढा, कुणी भस्म. "डायलिसिस सुटेल" असे सांगतो. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरतात. शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबाला मशीनपासून सुटका हवी असते, ते कर्ज काढून घेतात.

मूत्रपिंड कायमचे निकामी झाले असेल तर कोणत्याही तेलाने ते परत काम करू लागत नाही. काही काढ्यांत पोटॅशियम जास्त असते, काही भस्मांत शिसे, पारा यांसारखे जड धातू आढळले आहेत. निरोगी माणसाचे मूत्रपिंड निदान काही प्रमाणात ते बाहेर टाकते, या रुग्णाच्या शरीरात ते साचत जाते. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे. पोटात घ्यायची प्रत्येक गोष्ट डॉक्टरांना दाखवावी. तेल बाहेरून लावायचे, आरामासाठी लावायचे, आणि डायलिसिसची एकही फेरी चुकवायची नाही, एवढा नियम प्रत्येक घरात पक्का करून द्यावा. देवऋष्याला नकार देणारा आपला समाज नव्या वेष्टणातल्या देवऋष्यालाही ओळखू शकला पाहिजे.

तथागतांनी स्वतः रुग्णाला धुतले

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मळमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागत आनंदासह तिथे गेले, पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचावर निजवले. नंतर भिक्खूंना जमवून त्यांनी समज दिली. तुम्हाला इथे आईवडील नाहीत, तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार, असा त्यांचा सवाल होता. रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा होय, असे त्यांनी सांगितले.

त्याच ठिकाणी चांगल्या परिचारकाचे पाच गुण दिले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णाला काय सोसते आणि काय सोसत नाही हे कळावे. तो लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणारा असावा. मळमूत्राची किळस न मानणारा असावा. आणि रुग्णाला धम्माच्या बोलण्याने धीर देणारा असावा. आजच्या नर्सिंगच्या वर्गातही ही यादी चालेल. महावग्गातच तूप, लोणी, तेल, मध, काकवी ही पाच औषधे सांगितली आहेत. पिलिन्दवच्छ या भिक्खूचे पाय फुटले होते, तेव्हा पायाला तेल-लेप लावण्याची अनुज्ञा तथागतांनी दिल्याची नोंदही तिथे आहे. म्हणजे आजाऱ्याच्या पायाला तेल लावणे ही धम्मात सांगितलेली सेवा आहे.

बाबासाहेबांच्या आयुष्याकडे पाहा. संविधानाचे काम चालू होते त्या काळात, १९४७-४८ च्या सुमारास, मधुमेह आणि पायांच्या तीव्र वेदनांनी त्यांची झोप उडालेली होती. त्यांचा आजार मधुमेहामुळे नसांना झालेल्या इजेचा होता, या लेखातला नव्हे. पण पाय रात्रभर झोपू देत नाहीत म्हणजे काय, हे त्यांनी भोगले होते. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, दिल्लीच्या २६ अलीपूर रोडवरील निवासस्थानी, नानकचंद रत्तू त्यांचे पाय चेपत होते. त्यानंतर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद बाबासाहेबांनी जवळ मागवून घेतले. रत्तूंचे ते हात आपल्या इतिहासाचा भाग आहेत.

ज्या समाजाचा स्पर्शच पिढ्यान्‌पिढ्या नाकारला गेला, त्याला स्पर्शाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. मात्र एक प्रश्न आपण आपल्यालाच विचारला पाहिजे. आपल्या घरात पाय कोण चेपते? बहुतेक वेळा सून, मुलगी, बायको. दिवसभर राबून आलेल्या बाईवरच रात्रीची सेवाही टाकायची आणि आपण चौकात समतेवर बोलायचे, हे जुळत नाही. आजींच्या घरी हे काम कॉलेजात जाणाऱ्या नातवाने घेतले. एका संध्याकाळी आम्ही दाखवले, दुसऱ्या दिवसापासून तो करू लागला.

आपण काय करू शकतो?

पहिले काम माहिती पोचवण्याचे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते, लोक रोज जमतात. त्यातला एक दिवस रुग्णसेवेसाठी ठेवावा. आसपासच्या एखाद्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला बोलवावे. चार प्रश्न, मालिशची पद्धत आणि 'कधी करू नये' ही यादी फलकावर लिहून समजावून द्यावी. उपस्थितांपैकी पुरुषांनाही प्रत्यक्ष करायला लावावे.

दुसरे, वस्तीतील डायलिसिसच्या रुग्णांची भेट. त्यांची परवानगी घेऊन तारखा लिहून ठेवाव्यात. कुणाची फेरी चुकली तर त्याच दिवशी कळले पाहिजे. सोबत जाणाऱ्यांची पाळी लावली तर घरच्या माणसाचा दर वेळी रोज बुडत नाही.

तिसरे, हक्काचे लाभ. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना डायलिसिसचा खर्च उचलते. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला भेटावे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, त्यातून जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिस मिळते. डायलिसिसच्या रुग्णांना एसटीच्या प्रवासभाड्यातही सवलत आहे. लागणारे प्रमाणपत्र आणि अर्ज याची चौकशी आगारात करावी. हे लाभ असूनही माहितीअभावी पैसे भरणारी कुटुंबे आम्ही पाहतो. हा आपल्या कामातला दोष आहे.

चौथे, मागणी. एवढे सगळे करूनही पहाटे निघून संध्याकाळी परतणारा रुग्ण थकतोच. तालुक्याच्या ठिकाणी, ग्रामीण रुग्णालयात डायलिसिसच्या खाटा आणि प्रशिक्षित कर्मचारी मिळाले तर त्याचे निम्मे हाल कमी होतील. जयंतीच्या मिरवणुकीसाठी आपण जेवढ्या बैठका घेतो, त्यातल्या दोन बैठका या मागणीसाठी घेता येतील.

आजींचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. तपासणीत लोह कमी निघाले, त्याची इंजेक्शने सुरू झाली. मळमळीची एक गोळी डॉक्टरांनी बदलली. रात्री नातू खोबरेल लावून वीस मिनिटे पाय चोळतो. त्रास पूर्ण गेलेला नाही. अजूनही काही रात्री त्या अंगणात असतात. पण आता बहुतेक वेळा त्या चार तास पूर्ण करून उठतात, आणि परतीच्या गाडीत खिडकीला डोके टेकवून झोपतात. त्यांना "थोडं सहन करा" म्हणणारे आम्ही आता तेवढे म्हणत नाही. आधी विचारतो, "आजी, काल पाय कसे होते?"

तुमच्या वस्तीत कुणी डायलिसिसला जात असेल, तर या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन हा प्रश्न विचारा.

नमो बुद्धाय, जय भीम.